शेवटच्या ओव्हरचा वाघ

"सांगून कुणाला खरं वाटायचं न्हाई, पण शेवटच्या ओव्हरला मला आऊट करणारा बॉलर अजून जन्माला यायचाय!" रांजणगावच्या कंपनी बसमध्ये संपतमामांनी मिशीला पीळ दिला.

उद्या कासुर्डीच्या मैदानावर टेनिस बॉलची फायनल होती आणि शिक्रापूरच्या संघात एकच जागा उरली होती. मामा नाहीतर अक्रम. कॅप्टन ज्ञानेशचा माणसांपेक्षा मोबाईलवर विश्वास. त्यानं स्कोअरचं ॲप उघडलं.

"आकडा खोटं बोलत न्हाई. शेवटच्या ओव्हरला तुम्ही दोघं पाच वेळा जोडीनं व्हता. मामा एकदाबी आऊट न्हाईत, अक्रम पाचही वेळा आऊट! प्रेशर कसं झेलायचं, ते मामांकडनं शीक जरा."

त्यानं अक्रमचं नाव खोडलं, तेव्हा कुठं मामांच्या जिवात जीव आला.

 

"आऊट व्हायला आधी बॉल खेळावा लागतो!" अक्रम मागच्या सीटवरून गरजला. "स्ट्राईक आपल्यावर येईल म्हणून मामा जागचे हलत न्हाईत. पाचही वेळा मला अर्ध्या पिचवरनं माघारी धाडून रनआऊट केलंय त्यांनी!"