कुसरामकाकांनी थांबवलेली पाळी

मुलांनो, कल्पना करा: कोळशाच्या खोल खाणीतला जळाऊ वायू एका लांब नळानं वर खेचला जातोय.

त्या सकाळी नळाची ओढ मंदावली. वायू मोजणाऱ्या कुसरामकाकांनी पाळीच्या सगळ्या कामगारांना खाणीच्या तोंडाशीच थांबवलं.

"रोजचंच भेव तुमचं, काका!" त्यांच्यातले जाईचे बाबा चिडले. उशिरा उतरले, तर सुटायलाही उशीर होऊन जाईचा शाळेतला नाच बघायचा हुकणार होता. सोबत आलेली जाईही फुरंगटली.

"दम धर ना गा," म्हणत काका खाली गेले. परतले तेव्हा घामानं निथळत होते. "नळात पाणी तुंबलं होतं, काढलं. तुझ्याच कामाच्या जागी वायू भरला होता, गा. एक ठिणगी पुरली असती."

बाबांनी हात जोडले. नाच विसरून जाईनं काकांचा हात घट्ट धरला. "काका, बाबांना उद्याही अडवा हं."