वेगळं मत

शेजारच्या देशातल्या विद्यार्थ्यांना व्हिसा देणं बंद केलं, तर आपलं काही बिघडेल का, एवढंच परराष्ट्र खात्याने विद्यापीठातल्या चौघांच्या गटाला विचारलं होतं. तिघांनी ‘काही बिघडत नाही’ असं लिहून हात झटकले. चौथीने दोन महिने, ते विद्यार्थी जिथे काम करतात ते दवाखाने आणि प्रयोगशाळा पालथ्या घातल्या आणि आपलं वेगळं मत आकड्यांसकट गटाच्या अहवालाला जोडलं.

“पुरावा फक्त या नऊ पानांत आहे,” बैठकीत खात्याचे अधिकारी म्हणाले. तिघांची तोंडं उतरली. “कोणी लिहिली?”

ती उभी राहिली.

“शाब्बास. गाव कुठलं तुझं?”

तिने सांगितलं. गाव सीमेपलीकडचं होतं.

अधिकाऱ्यांनी ती पानं अहवालातून काढून तिच्या हातात दिली.



“मग हे संशोधन नव्हे, अर्ज झाला. अर्ज खाली, खिडकीवर द्यायचे.”