पहिल्या ड्रमरची जागा

अपत्याचे हित त्याला न विचारता ठरवणारा बाप दुष्ट नसतो. पण तो निर्दोषही नसतो.

धनंजयच्या पन्नासाव्या वाढदिवशी त्याचे वडील गजेंद्रराव मस्कतला, अल् खुवैरमधल्या त्याच्या घरी होते. नात पूर्वा एका ब्रिटिश रॉक बँडची चित्रफीत पाहत होती.

"आजोबा, हे लोक प्रत्येक कॉन्सर्टमध्ये पहिल्या ड्रमरची सीट एम्प्टी ठेवतात. तो सुट्टीत इंडियाला गेला आणि वारला. त्याच्या बाबांनीच लेटर लिहून कळवलं."

औक्षणाच्या पाटावर बसलेल्या धनंजयने मान वर केली. "ड्रमवर परत बसायला त्यांचं बोलावणं येईल म्हणून मी वर्षभर थांबलो होतो, बाबा. मग ही ओमानची नोकरी धरली."

धनंजय रीतीप्रमाणे गजेंद्ररावांच्या पायांशी वाकला. त्याच्या मस्तकावर हात ठेवून ते पुटपुटले, "आयुष्मान भव."