डब्यातलं मीठ

माझा ऑफिसचा डबा आई अजूनही सुनेला करू देत नाही. रोज संध्याकाळी रिकामा डबा धुताना विचारते, "मीठ बरोबर होतं ना रे?" मीही ठोकून देतो, "एकदम फर्स्ट क्लास!"

परवा डॉक्टर म्हणाले, "आईंना चवच कळत नाहीये. हे कधीपासून, ते सांगा."

"डबा हेच खातात, यांनाच विचारा," बायको म्हणाली.

मी गुपचूप बाहेर आलो. रोज कॅन्टीनला जाताना ज्यांच्या हातात तो डबा टेकवतो, त्या वॉचमनकाकांना फोन लावला. "काका, भाजी कधीपासून खारट लागतेय?"

 

"झाले की सहा महिने, साहेब. घास घशाखाली उतरत नाही, पण टाकवतही नाही. आईंना मात्र कळू देऊ नका हं, वाईट वाटेल त्यांना."