विसण

बाळंतपणाला मी तासगावला आईकडे आले होते. ती रोज पाय पसरून बाळाला त्यावर न्हाऊ घालायची. आधी कढत पाण्यात गार विसण घालून कोपर बुडवायची. एका सकाळी तिनं थेट वाफाळता तांब्या उचलला. मी हिसकावला, त्यात माझीच बोटं पोळली. “आई, विसण?” “घातलंय की! मला शिकवतीस, तुला कुनी न्हाणली?” गार पाण्याची बादली तशीच भरलेली होती. मी गेल्यावर ती एकटीच राहणार होती. म्हणून घरात राहणारी बाई ठेवली, आईला म्हटलं, “बाळासाठी.” आई तिला हौसेनं शिकवू लागली, “आदी कोपर बुडीव. भाजलं तर लेकरू सांगणार हाय व्हय?” बाळाला घेऊन सासरी निघाले, तशी आई गोंधळली. “लेकरू चाललं, मग ही हितं कुणासाठी?” बाईनं विसण घातलं, कोपर बुडवलं. “चला आजी, पाणी काढलंय.”