नदीच्या चित्रातला हमाल

"हा माझा पोरगा," म्हणत म्हातारीने चित्रातल्या एका हमालावर बोट ठेवलं.

चित्र नदीच्या धक्क्याचं होतं. शिडाच्या नावा, गोण्यांची थप्पी, ओझ्याखाली वाकलेली माणसं. त्या हमालाच्या एका हाताची दोन बोटं तुटलेली होती. दुकानाच्या काचेत हे चित्र दिसल्यापासून म्हातारीने सुनेच्या मागे धोशा लावला होता आणि आज तिला ओढतच चित्रकाराच्या खोलीवर आणलं होतं.

पोरगा पुरात नावेवरून नाहीसा झाला, त्याला दोन वर्षं झाली. सगळे म्हणत, बुडाला. म्हातारी ऐकेल तर शपथ. धक्क्यावरचा दोरवाला, सरळ माणूस, सुनेशी लग्न करायला तयार होता. त्याला म्हातारीने दोनदा दारातूनच वाटेला लावलं. नवरा जिवंत असताना कसलं दुसरं लग्न? सून गोण्या शिवत राहिली आणि दोघींचं पोट भरत राहिली.

"आई, त्यांची डाव्या हाताची बोटं गेली होती," सून हळूच म्हणाली. "हा उजवा हात आहे."

म्हातारीचा चेहरा पडला. चित्रकार मात्र हसला. आपण धक्क्यावर बसून थेट तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरतो, मग त्यात शाई भरून कागद दाबतो, त्यामुळे कागदावर सगळं उलटं उमटतं, असं त्याने समजावलं. आतून तो पत्राच घेऊन आला. पत्र्यावर तुटकी बोटं डाव्या हाताची होती.

"बघ. मी काय सांगत होते?" म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. दोन वर्षांनी तिचा जीव भांड्यात पडला होता.

चित्रकारालाही भरून आलं. हे मागच्याच महिन्यातलं, त्याने सांगितलं, इथून दिवसभराच्या वाटेवरच्या धक्क्यावरचं. माणूस लाख मोलाचा. शेजारी टोपली घेऊन उभी आहे ती त्याची बायको, तिच्या पाठीशी बांधलंय ते त्यांचं लेकरू.

"मागे आपलं कुणीच नाही, म्हणाला बिचारा. तुम्हाला बघून किती आनंद होईल त्याला. पत्ता देऊ?"

म्हातारीने सुनेकडे पाहिलं. सून मान खाली घालून, सासूची काठी धरून उभी होती. सुई धरून धरून तिच्या बोटांना घट्टे पडले होते. म्हातारीला तिच्यापुढे उभं राहायचीही लाज वाटली.

तिने पत्रा परत दिला.

"नको. माझा पोरगा पुरात गेला," ती म्हणाली आणि काठीसाठी हात पुढे केला. "चल गं. त्या दोरवाल्याला आणखी किती दिवस ताटकळत ठेवायचं?"