मारुतीला चालणारी कुस्ती

२०२२ सालची गोष्ट. माझी नात शिवकन्या परगावी शिकून राज्यातली नावाजलेली पैलवान झाली होती. गुडघा निकामी झाला तशी ती मॉडेलिंगमधून सिनेमात गेली. तिच्या पहिल्याच सिनेमाचे शूटिंग केजजवळच्या आमच्या गावात, मारुतीच्या तालमीत ठरले. लहानपणी मुंजाजी वस्तादांनी तिला याच तालमीच्या दारातून हाकलले होते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथे बाईने पाऊल ठेवल्याचे मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र वस्तादांनीच तिला हार घालून आत नेले.

कॅमेऱ्यापुढची कुस्ती आटोपली. शिवकन्या अंगाची माती झटकत म्हणाली, "वस्ताद, आता आमच्या योगितालाबी शिकवा की. माझ्याहून लई चपळ हाय ती."

माझी धाकटी नात योगिता दाराबाहेर माझ्याजवळ उभी होती.

"तिला न्हाई घेता येणार," वस्ताद म्हणाले.

"कावून? मी आलेच की आत."

"तुझी पिच्चरमधली कुस्ती हाय, पोरी. खोटी. खोटी चालती मारुतीला."

मला शिसारी आली. मी तिथेच थुंकले.

सिनेमावाले गेले आणि दुसऱ्या दिवशी वस्तादांनी कुस्तीच्या हौद्यातली सगळी माती उपसून उकिरड्यावर टाकली.

शिवकन्या आता मुंबईत एका मालिकेत मोठ्या जावेचे काम करते. योगिता आमच्या गोठ्यात बैल बाहेर बांधून कुस्तीची मेहनत करते. मुंजाजी वस्तादांनी तालमीत शिवकन्याचा मोठा फोटो लावला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून ते सांगतात, "ही आमच्या तालमीची पोर."